शास्त्रीय सॉफ्टवेअरची संदर्भनोंद

शास्त्रीय सॉफ्टवेअरची संदर्भनोंद म्हणजे संशोधनात वापरलेल्या संगणकीय आज्ञावलीचा शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत करावयाचा रीतसर उल्लेख, तसेच तो उल्लेख कसा करावा याविषयी सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी सॉफ्टवेअरसोबतच पुरविलेली माहिती होय. पूर्ण नोंदीत सॉफ्टवेअरचे नाव, कर्त्यांची नावे, आवृत्तीचा क्रमांक, प्रकाशनाचे वर्ष, ते मिळण्याचे ठिकाण आणि उपलब्ध असल्यास कायमस्वरूपी ओळखक्रमांक यांचा समावेश होतो. छापील ग्रंथात ही माहिती मुखपृष्ठानंतरच्या एका पानावर दिलेली असते आणि ती कोठे पाहावी हे वाचकाला ठाऊक असते. सॉफ्टवेअरला असे पान आपोआप लाभत नाही. ते कर्त्यांनी मुद्दाम तयार करावे लागते. तसे न केल्यास प्रत्येक वापरकर्ता आपापल्या समजुतीप्रमाणे नोंद करतो किंवा ती करण्याचे टाळतो.

अशा नोंदीचे दोन उपयोग आहेत. पहिला श्रेयाचा: सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे काम विद्यापीठांच्या, निवड समित्यांच्या आणि अनुदान देणाऱ्या संस्थांच्या नजरेस येते. दुसरा पडताळ्याचा: निबंधातील निष्कर्ष तपासू पाहणाऱ्याला नेमके तेच साधन पुन्हा हाती घेता येते. हे दोन्ही उपयोग एकाच नोंदीतून साधतातच असे नाही. या विषयातील बहुतेक अडचणी तेथूनच उद्भवतात.

उल्लेखाची प्रचलित स्थिती

गणन, आलेखन, प्रतिमांचे विश्लेषण आणि सांख्यिकी ही कामे विज्ञानाच्या बहुतेक शाखांत आज सॉफ्टवेअरवाचून होत नाहीत. तरीही निबंधात त्याचा उल्लेख बहुधा 'पद्धती' या भागातील एखाद्या ओघात आलेल्या वाक्यापुरता असतो. 'विश्लेषण आर भाषेत केले' एवढ्या वाक्यावरून कोणती आवृत्ती वापरली, कोणती पॅकेजे जोडली आणि ती कोणी लिहिली, यांपैकी काहीही कळत नाही.

जेम्स हाउइसन आणि ज्युलिया बुलार्ड यांनी जीवशास्त्रातील ९० निबंध यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांतील सॉफ्टवेअरचे उल्लेख तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार रीतसर संदर्भ दिलेल्या उल्लेखांचे प्रमाण ३१ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यान होते. उल्लेखिलेल्या सॉफ्टवेअरपैकी १५ ते २९ टक्के कोणत्याही रूपात मिळू शकले नाही. विशिष्ट आवृत्ती शोधू गेल्यास ९० ते ९८ टक्के वेळा ती हाती लागली नाही. नामांकित नियतकालिकांतही अनौपचारिक उल्लेख सर्रास आढळले. या अभ्यासातील एक निरीक्षण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जेथे सॉफ्टवेअरविषयीच्या निबंधाचा संदर्भ दिलेला होता तेथे आवृत्ती क्वचितच सांगितली होती, आणि जेथे नुसते नाव घेतले होते तेथे कर्त्यांची माहिती फारशी नव्हती. म्हणजे श्रेय दिले की पडताळा राहून जातो आणि नाव घेतले की श्रेय राहून जाते, अशी स्थिती होती.

आवृत्तीचे महत्त्व

मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांवरून त्याच्या विविध भागांचे आकारमान मोजणारे 'फ्रीसर्फर' हे सॉफ्टवेअर मज्जाविज्ञानात सर्वत्र वापरले जाते. ग्रोनेनशिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.०.० या तीन आवृत्त्यांवर एकाच प्रतिमासंग्रहाचे विश्लेषण करून पाहिले. आवृत्ती बदलताच आकारमानांत सरासरी ८.८ टक्के आणि मेंदूच्या बाह्यावरणाच्या जाडीत सरासरी २.८ टक्के फरक पडला. काही भागांच्या आकारमानातील फरक तर ६४ टक्क्यांपर्यंत गेला. संगणकाचा प्रकार आणि त्यावरील कार्यप्रणालीची आवृत्ती यांचाही परिणाम दिसून आला. रुग्णाच्या मेंदूतील एखादा भाग आक्रसला आहे किंवा नाही, असा प्रश्न ज्या अभ्यासात विचारला जातो तेथे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा उल्लेख हा तपशिलाचा भाग राहत नाही. तो पुराव्याचा भाग ठरतो.

सांख्यिकीतील उदाहरण अधिक साधे आहे. आर भाषेत यादृच्छिक नमुना निवडण्यापूर्वी एक 'बीज' अंक ठरवून दिला, तर दरवेळी तोच नमुना मिळतो आणि दुसऱ्यालाही तो मिळवता येतो. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीत नमुना निवडण्याची मूळ रीत बदलण्यात आली, कारण जुन्या रीतीत पूर्णांक ठरविताना किंचित पक्षपात होत होता. बदल योग्यच होता. मात्र त्यामुळे तेच बीज देऊनही ३.५ आणि ३.६ या आवृत्त्यांत वेगवेगळे नमुने मिळू लागले. आवृत्ती न लिहिलेल्या निबंधाचा पडताळा घेणाऱ्याला आकडे का जुळत नाहीत, हे निबंधावरून कळण्याचा मार्ग नाही.

मराठीच्या अभ्यासकांना ही अडचण नवी वाटू नये. ज्ञानेश्वरीवर लिहिताना राजवाडे प्रत वापरली की साखरे प्रत, हे सांगितल्याशिवाय पाठाविषयीची चर्चा पुढे सरकत नाही. फरक इतकाच की हस्तलिखितांतील पाठभेद शतकांच्या ओघात पडले, तर सॉफ्टवेअरचे पाठभेद महिन्या-दोन महिन्यांत पडतात.

श्रेयाचा प्रश्न

संशोधकाची नेमणूक, बढती आणि अनुदान ठरविताना त्याच्या निबंधांना किती संदर्भ मिळाले हे पाहण्याची प्रथा आहे. ती योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. जोवर ती चालू आहे तोवर संदर्भसूचीत न आलेले काम मोजले जात नाही. सॉफ्टवेअर लिहिणे, त्यातील दोष दुरुस्त करणे, वापरकर्त्यांच्या शंकांना उत्तरे देणे आणि नव्या संगणकांवर ते चालते ठेवणे यांत वर्षे जातात. ही वर्षे निबंध न लिहिता गेलेली वर्षे म्हणून गणली जातात.

'अ‍ॅस्ट्रोपाय' हे पायथन भाषेतील पॅकेज खगोलशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरातले आहे. त्याच्या स्थितीविषयी २०१६ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी 'अ‍ॅस्ट्रोपाय प्रॉब्लेम' या अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख प्रसृत केला. खगोलशास्त्रज्ञांतील बहुसंख्य लोक ज्यावर विसंबून आहेत ते सॉफ्टवेअर पाच वर्षे जवळजवळ सर्वस्वी स्वयंसेवकांनी चालविले, त्याला प्रत्यक्षात निधी नाही आणि ते लिहिणाऱ्यांना औपचारिक मान्यता अत्यल्प मिळते, असे त्यात म्हटले होते. अ‍ॅस्ट्रोपायच्या गटाने २०१३, २०१८ आणि २०२२ मध्ये स्वतःविषयी निबंध प्रसिद्ध केले असून वापरकर्त्यांनी ते उद्धृत करावेत अशी विनंती केली आहे. पॅकेजमध्येच संदर्भाचा मजकूर साठविलेला असून एक लहानशी आज्ञा देताच तो पडद्यावर येतो.

निबंधाच्या रूपाने संदर्भ

सॉफ्टवेअरचा थेट संदर्भ देण्याची रीत रुळलेली नसताना कर्त्यांनी एक पळवाट शोधली. सॉफ्टवेअरविषयी निबंध लिहायचा आणि वापरकर्त्यांना तो उद्धृत करण्यास सांगायचे, अशी ही वाट आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण स्फटिकशास्त्रातील 'शेलएक्स' या आज्ञावलींचे आहे. गटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी या आज्ञावली विकसित केल्या आणि त्यांची एक आवृत्ती १९७६ पासून प्रचारात होती. शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागात शेलएक्सचा संक्षिप्त इतिहास सांगणारा निबंध लिहिला. या आज्ञावलींचा वापर केल्यास सर्वसाधारण संदर्भ म्हणून हा निबंध देता येईल, असे त्याच्या सारांशातच नमूद केले होते. स्फटिकरचना निश्चित करणाऱ्या संशोधकांनी ही सूचना पाळली. परिणामी त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ वरून २००९ मध्ये ४९.९२६ वर गेला. एका निबंधामुळे हा आकडा असा उसळावा यावरून अशा आकड्यांनी नियतकालिकांचा दर्जा ठरविणे किती फसवे आहे हे दिसते. त्याच वेळी, पूर्वी न दिसणारा वापर केवढा होता हेही त्यातून प्रथमच उघड झाले.

या वाटेने श्रेय मिळते, पण ते निबंध लिहिला गेला त्या दिवशी गोठते. आलेख काढणारे 'मॅटप्लॉटलिब' हे पॅकेज जॉन हंटर यांनी सुरू केले. त्यांचा त्याविषयीचा निबंध २००७ चा आहे. हंटर २०१२ मध्ये निवर्तले. त्यानंतर पॅकेजमध्ये अनेकांनी मोठी भर घातली, तरी प्रचलित संदर्भ आजही २००७ च्या एकट्या हंटर यांच्या निबंधाचा आहे. त्यांच्या स्मृतीच्या दृष्टीने हे उचित आहे. नंतरच्या लोकांचे काम मात्र त्यात दिसत नाही. म्हणून मॅटप्लॉटलिबच्या गटाने प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र ओळखक्रमांकही उपलब्ध केले आहेत.

'नमपाय'च्या बाबतीत उलट प्रकार घडला. हे पॅकेज ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५-०६ च्या सुमारास उभे केले. पुढे अनेक वर्षे ज्या निबंधाचा संदर्भ दिला जाई तो २०११ चा निबंध व्हान डर वॉल्ट, कोल्बर्ट आणि व्हारोको यांचा होता आणि त्याच्या लेखकांत ऑलिफंट यांचे नाव नव्हते. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मूळ कर्त्यांसह पुढील काळातील कार्यकर्त्यांची नावे एकत्र आली. कोणता संदर्भ द्यावा हे गटाने स्वतः सांगणे का आवश्यक असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सॉफ्टवेअरविषयीचे निबंध स्वीकारणारी नियतकालिके वेगळी आहेत. सांख्यिकीसाठी 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर' १९९६ पासून निघते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'मध्ये निबंध अगदी आटोपशीर असतो. तज्ज्ञांचे परीक्षण प्रामुख्याने सॉफ्टवेअरचे होते आणि ते सर्वांना पाहता येईल असे उघडपणे चालते.

आर भाषेतील व्यवस्था

संदर्भाची माहिती सॉफ्टवेअरच्या आतच ठेवण्याची सर्वांत जुनी आणि व्यवस्थित रुळलेली पद्धत आर या सांख्यिकी भाषेत आढळते. आर चालू करताच जो प्रास्ताविक मजकूर येतो त्यातच संदर्भ कसा द्यावा हे पाहण्याची आज्ञा सांगितलेली असते. 'सायटेशन' ही ती आज्ञा. ती नुसती दिली तर आर भाषेचा स्वतःचा संदर्भ मिळतो: कर्ता म्हणून 'आर कोअर टीम', प्रकाशक म्हणून व्हिएन्ना येथील 'आर फाउंडेशन फॉर स्टॅटिस्टिकल कम्प्युटिंग', आणि वापरात असलेल्या आवृत्तीचे वर्ष. कंसात एखाद्या पॅकेजचे नाव दिले तर त्या पॅकेजचा संदर्भ मिळतो. तो वाचनीय मजकुराच्या रूपात येतो आणि शोधनिबंध जुळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'बिबटेक्' या स्वरूपातही येतो, त्यामुळे हाताने टंकलिखित करण्याची गरज उरत नाही.

हा संदर्भ दोन मार्गांनी तयार होतो. प्रत्येक पॅकेजमध्ये 'डिस्क्रिप्शन' नावाची फाइल असतेच. कर्त्याने काहीही वेगळे केले नाही तर तिच्यातील शीर्षक, कर्ते, आवृत्ती आणि वर्ष घेऊन आर स्वतःच नोंद जुळविते. येथे एक बारकावा आहे. 'डिस्क्रिप्शन'मध्ये प्रत्येक व्यक्तीची भूमिका तीन अक्षरी संकेताने लिहितात: एक संकेत लेखकाचा, एक देखभाल करणाऱ्याचा, एक इतर योगदान देणाऱ्याचा. हे संकेत अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या ग्रंथालयीन यादीतून घेतलेले आहेत. आपोआप जुळविलेल्या नोंदीत लेखक म्हणून नोंदलेल्यांचीच नावे येतात. योगदान देणारे म्हणून नोंदलेले गळतात. एखाद्या व्यक्तीपुढे कोणता संकेत लिहिला जातो यावर तिचे नाव हजारो संदर्भसूचींत जाणार की नाही हे ठरते. हा निर्णय बहुधा पॅकेजची देखभाल करणारी एकच व्यक्ती, फारशी चर्चा न होता, घेत असते.

दुसरा मार्ग म्हणजे पॅकेजच्या 'इन्स्ट' या उपकप्प्यात 'सायटेशन' नावाची स्वतंत्र फाइल ठेवणे. तीत कर्त्याला हवा तो संदर्भ लिहिता येतो. उदाहरणार्थ, मिश्र प्रतिमानांसाठी वापरले जाणारे 'एलएमईफोर' हे पॅकेज बेट्स, मेखलर, बोल्कर आणि वॉकर यांच्या 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर'मधील २०१५ च्या निबंधाकडे बोट दाखविते, तर आलेखांसाठीचे 'जीजीप्लॉट२' हॅडली विकहॅम यांच्या २०१६ च्या ग्रंथाकडे. दोन्ही संदर्भ कर्त्यांच्या इच्छेप्रमाणे आहेत. दोन्हींत वापरलेल्या पॅकेजची आवृत्ती मात्र येत नाही. ती वापरकर्त्याने मजकुरात वेगळी लिहावी लागते. चालू असलेल्या आर भाषेची आणि जोडलेल्या सर्व पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी देणारी 'सेशनइन्फो' ही आज्ञा त्यासाठी उपयोगी पडते.

'सायटेशन' फाइल लिहिताना आवृत्तीचा क्रमांक आणि वर्ष हाताने लिहून ठेवणे ही वारंवार होणारी चूक आहे. पुढील आवृत्ती काढताना ते बदलायचे राहून जाते आणि नवे पॅकेज जुन्या आवृत्तीचा संदर्भ सांगत राहते. ही माहिती 'डिस्क्रिप्शन'मधून आपोआप उचलण्याची सोय आर भाषेत आहे आणि तीच वापरणे श्रेयस्कर ठरते. आर पॅकेजांचे मुख्य भांडार असलेल्या 'क्रॅन'ने अलीकडे पॅकेजांना डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक देण्यास सुरुवात केली आहे. तो समग्र पॅकेजचा असतो, एखाद्या आवृत्तीचा नसतो.

सीएफएफ फाइल

आरसारखी अंगभूत सोय इतर बहुतेक भाषांत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी 'सायटेशन फाइल फॉरमॅट', संक्षेपाने सीएफएफ, हे भाषानिरपेक्ष स्वरूप तयार झाले. स्टेफान ड्रुस्काट हे त्याच्या प्रमुख कर्त्यांपैकी आहेत. मूळ आज्ञावली जेथे ठेवलेली असते तेथे सर्वांत वरच्या पातळीवर 'सायटेशन.सीएफएफ' नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची असते. ती माणसाला सहज वाचता येते आणि यंत्रालाही. तीत स्वरूपाची आवृत्ती, वापरकर्त्याला उद्देशून एक वाक्य, सॉफ्टवेअरचे शीर्षक आणि कर्त्यांची नावे या गोष्टी आवश्यक असतात. आवृत्तीचा क्रमांक, प्रकाशनाची तारीख, डीओआय आणि परवाना याही दिल्या तरच नोंद खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. 'गिटहब'ने २०२१ मध्ये या स्वरूपाला मान्यता दिल्यापासून अशी फाइल असलेल्या प्रकल्पाच्या पानावर संदर्भ मिळवून देणारी कळ आपोआप दिसू लागते. त्यानंतर या स्वरूपाचा प्रसार झपाट्याने झाला.

नावे लिहिताना सीएफएफमध्ये आडनाव आणि दिलेले नाव वेगवेगळ्या रकान्यांत भरतात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीनपदरी रीत असलेल्या मराठी माणसाने पहिली दोन नावे 'दिलेले नाव' या रकान्यात एकत्र लिहिणे सोयीचे ठरते. मात्र ती दरवेळी एकाच पद्धतीने लिहिली पाहिजेत. पाटील, जाधव, कुलकर्णी यांसारख्या आडनावांपुढे नुसती आद्याक्षरे लिहिली तर एकाचे काम दुसऱ्याच्या नावे चढण्याची शक्यता मोठी असते. त्यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना दिला जाणारा 'ऑर्किड' हा वैयक्तिक ओळखक्रमांक फाइलमध्ये देता येतो. ज्यांना आडनावच नाही अशा कर्त्यांसाठी आणि व्यक्तीऐवजी संस्था कर्ती असेल तेव्हाही या स्वरूपात तरतूद आहे.

सीएफएफमध्ये 'पसंतीचा संदर्भ' असा एक ऐच्छिक विभाग असतो. तेथे कर्ता एखादा निबंध सुचवू शकतो. हा विभाग भरला की गिटहब तोच संदर्भ पुढे करते, आणि सॉफ्टवेअरची स्वतःची नोंद मागे पडते. निबंधाला मिळणारा संदर्भ मोजला जातो म्हणून कर्त्यांना हा विभाग भरण्याचा मोह होतो. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, तरी आवृत्तीची नोंद त्यात पुन्हा हरवते. निबंध आणि वापरलेली आवृत्ती या दोन्हींचे संदर्भ द्यावेत, असे फाइलमधील वापरकर्त्याला उद्देशून असलेल्या वाक्यातच स्पष्ट लिहिणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग होय.

सीएफएफखेरीज 'कोडमेटा' हे अधिक विस्तृत स्वरूपही प्रचारात आहे. त्याचा भर संदर्भापेक्षा सॉफ्टवेअरच्या समग्र वर्णनावर आणि ते वर्णन एका यंत्रणेतून दुसरीत नेण्यावर असतो.

कायमचा पत्ता

संदर्भात नुसता संकेतस्थळाचा पत्ता दिला तर तो किती काळ टिकेल याची शाश्वती नसते. 'गिटोरियस' हे आज्ञावली ठेवण्याचे ठिकाण २०१५ मध्ये बंद झाले. एके काळी अत्यंत लोकप्रिय असलेले 'गूगल कोड' २०१६ मध्ये बंद झाले. त्या पत्त्यांचे संदर्भ देणारे निबंध मात्र छापून झालेले होते.

यावर सध्या सर्वाधिक वापरला जाणारा उपाय 'झेनोडो' हा आहे. स्वित्झर्लंडमधील 'सर्न' ही संशोधनसंस्था २०१३ पासून तो चालविते. गिटहबवरील प्रकल्प झेनोडोशी एकदा जोडला की प्रत्येक नव्या आवृत्तीची प्रत तेथे जतन होते आणि तिला डीओआय मिळतो. याशिवाय सर्व आवृत्त्यांना मिळून एक सामाईक डीओआय दिला जातो. निबंधात वापरलेल्या आवृत्तीचा डीओआय द्यावा. सॉफ्टवेअरचा एकूण परिचय करून देताना सामाईक डीओआय पुरेसा असतो. वर्णनाची फाइल जोडलेली नसल्यास झेनोडो गिटहबवरील योगदानकर्त्यांची यादी उचलते, आणि मग कर्त्यांच्या जागी टोपणनावे दिसू लागतात. त्यामुळे पहिली आवृत्ती जतन करण्यापूर्वीच सीएफएफ फाइल लिहून ठेवणे हिताचे असते.

फ्रान्समधील 'इन्रिया' या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये जाहीर झालेला 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा प्रकल्प वेगळ्या तत्त्वावर चालतो. जगभर उघडपणे उपलब्ध असलेल्या आज्ञावली तो स्वतःहून गोळा करतो. त्यातील ओळखक्रमांक कोणी नेमून देत नाही. तो आज्ञावलीच्या मजकुरावरूनच गणिताने काढला जातो. मजकुरात एका अक्षराचा बदल झाला तरी क्रमांक बदलतो. परिणामी संदर्भातील आज्ञावली तीच आहे की नाही हे कोणालाही स्वतंत्रपणे तपासता येते.

खगोलशास्त्रातील प्रघात

'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स सोर्स कोड लायब्ररी' ही खगोलशास्त्रातील आज्ञावलींची सूची १९९९ मध्ये सुरू झाली. तीत नोंदलेल्या प्रत्येक आज्ञावलीला एक क्रमांक मिळतो आणि खगोलशास्त्राच्या मुख्य ग्रंथसूचीत त्या क्रमांकाला मिळालेले संदर्भ मोजले जातात. ज्यांच्याविषयी कोणी निबंध लिहिला नाही अशा आज्ञावलींनाही त्यामुळे संदर्भसूचीत स्थान मिळाले.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर आधारलेल्या निबंधांत दुर्बिणीच्या कर्मचाऱ्यांचे आणि ती चालविणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे आभार मानणारे एक ठरावीक वाक्य असते. ते निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देशात येते. संदर्भांची गणना करणाऱ्या यंत्रणा ऋणनिर्देश मोजत नाहीत. दुर्बिणीकडून आलेल्या कच्च्या संकेतांपासून आकाशाची प्रतिमा तयार होईपर्यंतचा प्रवास सॉफ्टवेअरच्या आधारे होतो, आणि त्या सॉफ्टवेअरचे संदर्भ वेगळे द्यावे लागतात. याच केंद्रातील रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी अद्ययावत जीएमआरटीसाठी 'कॅप्चर' ही प्रतिमा तयार करणारी आज्ञावली विकसित करून तिच्याविषयी २०२१ मध्ये 'एक्सपेरिमेंटल अ‍ॅस्ट्रॉनॉमी'मध्ये निबंध लिहिला. ती 'कासा' या अन्य सॉफ्टवेअरवर उभी आहे. साहजिकच काळजीपूर्वक लिहिणाऱ्याला दोहोंचा निर्देश करावा लागतो.

सर्वमान्य तत्त्वे

'फोर्स११' या गटाच्या वतीने आर्फन स्मिथ, डॅनियल कॅट्झ आणि काइल निमायर यांनी २०१६ मध्ये सॉफ्टवेअर संदर्भाची सहा तत्त्वे प्रसिद्ध केली. सॉफ्टवेअर हे निबंध किंवा विदा यांच्या तोडीचे संशोधनफळ मानावे आणि त्याचा संदर्भ इतर संदर्भांच्याच सूचीत यावा, हे त्यांतील पहिले. श्रेय, एकमेव ओळख, टिकाऊपणा, उपलब्धता आणि नेमकेपणा ही उरलेली पाच होत. नेमकेपणाच्या तत्त्वात वापरलेली आवृत्ती सांगण्याची अपेक्षा अंतर्भूत आहे. तत्त्वांविषयी फारसा वाद नाही, अंमलबजावणीविषयी आहे.

मतभेद

संदर्भ द्यावा ही विनंती कितपत आग्रहाने करावी, यावर 'जीएनयू पॅरलल' या आज्ञावलीच्या निमित्ताने बराच वाद झाला. अनेक कामे एकाच वेळी चालविणारी ही आज्ञावली ओले टांगे यांनी लिहिली आहे. ती वापरताना पडद्यावर एक सूचना येते: शास्त्रीय निबंधासाठी उपयोग केल्यास संदर्भ द्यावा, त्याने पुढील विकासाला निधी मिळण्यास मदत होते, संदर्भ द्यायचा नसेल तर १०,००० युरो द्यावेत. संदर्भ देण्याचे मान्य असल्याचे टंकलिखित केल्यावर सूचना येणे थांबते. या आज्ञावलीचा परवाना मुक्त असून त्यात अशी अट घालता येत नाही, असा आक्षेप घेण्यात आला. ही परवान्याची अट नसून विद्याक्षेत्रातील शिष्टाचाराची आठवण आहे, अशी कर्त्याची भूमिका आहे. 'डेबियन'ने आपल्या वितरणात ही सूचना काढून टाकणारा बदल केला. सूचनेचा सूर अनेकांना खटकला हे खरे. तरी ज्याला आपल्या कामासाठी निधी उभा करण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही त्याच्या बाजूनेही विचार व्हायला हवा.

श्रेय परवान्यातूनच सक्तीचे करावे हा विचार नवा नाही. 'बीएसडी' परवान्याच्या जुन्या रूपात प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचा ऋणनिर्देश करण्याची अट होती. इतरांनी तिचे अनुकरण करून आपापली नावे घातली, आणि १९९७ मधील 'नेटबीएसडी'च्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्ये जमा झाली. बर्कली येथील विद्यापीठाने १९९९ मध्ये ती अट काढून टाकली.

संदर्भ किती द्यावेत हाही प्रश्न अनिर्णित आहे. आर किंवा पायथनमधील एक पॅकेज चालण्यासाठी अनेकदा डझनावारी इतर पॅकेजे लागतात आणि त्यांतील बहुतेकांची नावेही वापरकर्त्याला ठाऊक नसतात. सर्वांचे संदर्भ दिले तर सूची फुगते, आणि काही नियतकालिके संदर्भांच्या संख्येवर मर्यादा घालतात. केवळ थेट वापरलेल्या पॅकेजांचे दिले तर पायाभूत पॅकेजे लिहिणारे पुन्हा अदृश्य राहतात. एका पॅकेजला मिळालेल्या श्रेयाचा ठरावीक अंश ते ज्यांवर उभे आहे त्यांना आपोआप मिळावा, अशी सूचना कॅट्झ यांनी २०१४ मध्ये मांडली होती. अंश कोणी आणि कसे ठरवायचे यावर एकमत नसल्यामुळे ती सर्वत्र रूढ झालेली नाही. निष्कर्षावर ज्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो त्या सॉफ्टवेअरचा संदर्भ सूचीत द्यावा आणि उरलेल्यांची आवृत्तीसह यादी निबंधाच्या पुरवणीत जोडावी, असा मध्यममार्ग काही संशोधक अनुसरतात. पुरवणीतील यादी मात्र संदर्भगणनेत धरली जात नाही.